रांगणं हातांपासून सुरू होतं

प्रश्न: आमचा मुलगा 11 महिन्यांचा आहे. तो 30व्या आठवड्यातच जन्मला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे त्याला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बसवला की छान बसून राहतो, जागचा हलत नाही. पण पालथं घातलं की रडून गोंधळ घालतो. रांगायचं नावच नाही. समोर खुळखुळा वाजवला तर हात पुढे करत नाही, उलट गप्प होतो आणि मान खाली घालतो. हात कायम कोपरात दुमडून खांद्यांजवळ. हल्ली मुठीने डोळेही दाबतो. सासूबाई म्हणतात वॉकर आणा, यांचं म्हणणं तो आळशी आहे, मला वाटतं त्याच्या पायांत ताकद नाही. नक्की काय करू? — एक आई

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी वयाचा हिशोब करू. 30व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ 10 आठवडे लवकर आलेलं असतं. अशा बाळाची वाढ मोजताना साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हे 10 आठवडे वजा करायचे असतात. म्हणजे वाढीच्या हिशोबात तुमचा मुलगा 11 नाही, साडेआठ महिन्यांच्या जवळपास आहे. साडेआठ महिन्यांचं डोळस बाळ रांगत नसेल तर कुणी डॉक्टरकडे धावत नाही. तुमची निम्मी काळजी इथेच उतरायला हरकत नाही. उरलेली निम्मी खरी आहे, आणि तिच्यावर आजपासून काम करता येईल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘बसवला की छान बसून राहतो.’ बसवला की! स्वतःहून उठून बसत नाही, बसल्यावर वाकून काही शोधत नाही, ठेवलेल्या जागी ठेवल्यासारखा राहतो. जन्मापासून न दिसणाऱ्या बाळांमध्ये हे नेहमी आढळतं. अमेरिकेत बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी 10 अंध बाळांच्या वाढीचा बारकाईने अभ्यास केला. तो 1977 साली प्रसिद्ध झाला. या बाळांच्या पालकांना घरी जाऊन मार्गदर्शनही केलं जात होतं. त्या गटात आधाराशिवाय स्थिर बसण्याचं मधलं वय 8 महिने निघालं. डोळस बाळांचं साडेसहाच्या थोडं पुढे असतं. फरक फार नाही. पण पालथं असताना हातांवर भार देऊन छाती उचलणं, जे डोळस बाळाला दोन-सव्वादोन महिन्यांत जमतं, ते या बाळांना पावणेनऊ महिन्यांच्या सुमारास जमलं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने चालणं 12 महिन्यांऐवजी सव्वाएकोणीस महिन्यांवर गेलं. नुसतं स्थिर राहायचं असेल तर ही बाळं फारशी मागे नसतात. स्वतः उठून जायचं असेल तिथे अडतात.

त्याचं कारण पायांत नाही. डोळस बाळ पालथं पडल्यावर मान उचलतं ते समोर काहीतरी दिसतं म्हणून. ते अजून नीट दिसावं म्हणून कोपरांवर उठतं, हाती यावं म्हणून एक हात सोडून पुढे करतं, आणि तरीही हाती येत नाही म्हणून सरकतं. नजर हे आमिष आहे. दिवसातून शेकडो वेळा ते बाळाला जागचं हलवतं, आणि मान, खांदे, पाठ, मनगट यांचा व्यायाम कुणी न सांगता होतो. तुमच्या मुलाला ते आमिषच नाही. त्याच्या दृष्टीने मान उचलली काय आणि खाली ठेवली काय, जग तेवढंच. त्यामुळे तो आळशी नाही. हलल्याने काही मिळतं हे त्याला अजून कळलेलं नाही, इतकंच.

‘मग आवाज आहे की!’ असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. आवाज नजरेची जागा आपोआप घेत नाही. दिसणाऱ्या वस्तूला आकार असतो, जागा असते. खुळखुळ्याचा आवाज बाळाच्या लेखी नुसता हवेतला आवाज. त्या आवाजामागे हातात येणारी एक वस्तू आहे, ही गोष्ट न दिसणाऱ्या बाळाला शिकावी लागते. केवळ आवाजावरून हात पुढे जाणं पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात, बहुतेकदा आठव्या ते अकराव्या महिन्याच्या दरम्यान येतं. आणि तो गप्प होऊन मान खाली घालतो ना, ते दुर्लक्ष नव्हे. तो कान लावतोय. ऐकायला चेहरा वळवावा लागत नाही, शांत व्हावं लागतं. इतर बाळं हात-पाय झाडून जो आनंद दाखवतात, तोच तो स्तब्ध राहून दाखवतो. घरच्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर ‘याला आवडत नाही’ म्हणून खुळखुळा उचलून ठेवतील.

तेव्हा पायांचा विषय तूर्त बाजूला ठेवा. आधी हातांवर भार, मग हाताने शोधणं, मग आवाजाकडे हात, मग रांगणं. ही साखळी उलटी चालत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी दोन तपासण्या मात्र करून घ्या. एक म्हणजे कानांची. जन्मल्यावर झालेली चाचणी चांगली आली असली तरी पुन्हा करा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ऐकण्याचे दोष तुलनेने जास्त असतात, शिवाय सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे साठलेलं पाणी ऐकणं मंद करतं. पुढचं सगळं शिक्षण कानांवर उभं आहे, तिथे अंदाज चालणार नाही. दुसरी तपासणी मेंदू आणि स्नायूंची, बालरोगतज्ज्ञ किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञांकडून. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहण्याचा, धोका असतो, आणि ‘दिसत नाही म्हणून मागे आहे’ या समजुतीखाली ती झाकून जाते. एक हात सतत कमी वापरणं, अंगठा आत घेऊन मूठ कायम आवळलेली, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर जाणं, पाठीची मागे कमान, किंवा आधी येणारी गोष्ट आता न येणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. अंग थोडं सैल, ढिलं असणं मात्र दृष्टिबाधित बाळांमध्ये बऱ्याचदा आढळतं; हालचाल कमी झाल्याने स्नायूंना काम मिळालेलं नसतं. अर्थात त्याचं कारण तेवढंच आहे का, हेही तपासणाऱ्यालाच ठरवू द्या.

आता पालथं घालणं. त्याला सरळ जमिनीवर पालथा टाकून त्याच्या डोक्यावरून खुळखुळा वाजवायचा, हा प्रकार बंद करा. त्याचं नाक गादीत जातं, हात अंगाखाली अडकतात, आणि वरून आवाज आला तरी तो ऐकायला मान उचलायची गरजच नसते. रडणार नाही तर काय करणार?

सुरुवात तुमच्या अंगावर करा. साधारण 45 अंशांत मागे रेलून बसा आणि त्याला छातीवर पालथा घ्या, तोंड तुमच्या तोंडासमोर. त्याचे कोपर खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित पुढे आहेत ना, ते बघा. कोपर मागे राहिले तर जोर लावायला जागाच नसते. मग हळू बोला, त्याच्या कपाळावर फुंकर घाला. मान वर आली की गालाला गाल लागेल असं करा. बक्षीस असं हवं की ते मान उचलल्यावरच मिळेल. आवाज कसाही मिळतो, स्पर्श मिळवावा लागतो. चार-पाच दिवसांनी थोडं आणखी मागे रेला, असं करत करत पूर्ण आडव्या व्हा; तुम्ही जितक्या आडव्या, तितका त्याला जोर जास्त.

पुढची पायरी मांडीची. पाय पसरून बसा, त्याला एका मांडीवर आडवा पालथा घ्या, हात पलीकडे जमिनीला टेकतील असा. तिथे हाताखाली काहीतरी ठेवा: खरखरीत कापड, कुरकुरणारा कागद, धातूचा पेला. तळहात उघडे टेकले पाहिजेत. मूठ वळलेली असेल तर उघडायला ओढाताण करू नका. मनगटाच्या वरच्या बाजूने हलकं चोळलं तर बहुधा सैल होते.

मग टॉवेलची गुंडाळी. 8 ते 10 सेंटीमीटर जाड, काखेखालून छातीच्या आडवी, हात तिच्या पुढे. तुमचा एक तळहात त्याच्या ढुंगणावर ठेवून किंचित खाली दाबा, वजन मागे गेल्यामुळे छाती उचलणं सोपं होतं. इथे नेहमी एकच गोष्ट बिघडते: गुंडाळी सरकत सरकत पोटाखाली येते आणि डोकं खाली जातं. रडायला लागला की आधी गुंडाळी बघा.

वेळ म्हणाल तर एका वेळी एक-दोन मिनिटं, दिवसातून सहा-आठ वेळा. लंगोट बदलल्यावर लगेच, अंग पुसल्यावर, असं रोजच्या कामाला जोडून द्या, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. रडण्याच्या आधी उचला, रडल्यावर नव्हे. नाहीतर ‘रडलं की सुटका’ हे तो दोन दिवसांत शिकेल. हे सगळं जागेपणी आणि नजरेसमोर. झोपवताना पाठीवरच झोपवायचं.

हातांची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण त्यातच सगळं अडलेलं आहे. डोळस बाळ तीन-चार महिन्यांचं असताना आपल्याच हातांकडे बघत बसतं. हात छातीसमोर एकत्र येतात, एकमेकांना धरतात. तुमच्या मुलाचे हात समोर यायला कारणच मिळालं नाही, म्हणून ते खांद्यांजवळ राहिले. तो जागा असताना, तुमच्या नजरेसमोर, त्याला कुशीवर आडवा करा, पाठीला उशीचा टेकू द्या. कुशीवर असताना दोन्ही हात आपोआप समोर एकत्र पडतात. त्यांच्यामध्ये एक खेळणं ठेवून द्या. दूध पाजताना दोन्ही तळहात बाटलीवर किंवा तुमच्या अंगावर असू द्या. बाटलीला खरखरीत कापडाचा पट्टा गुंडाळला तर हात तिथेच रेंगाळतात.

आणि एक सवय घरातल्या सगळ्यांनी मोडायची: त्याचा हात धरून वस्तूवर नेऊन ठेवण्याची. त्याचे हात हेच त्याचे डोळे. कुणी आपली मान धरून ‘इकडे बघ’ म्हणून वळवली तर आपण जसे ताठ होऊ, तसाच तो हात मागे खेचतो. तुमचा हात त्याच्या हाताखाली सरकवा, तुमची बोटं वस्तूवर फिरू द्या, त्याची बोटं तुमच्या बोटांवर स्वार होतील. हळूहळू तुमचा हात मागे घ्या. त्याला हात सोडायचा असेल तर तो कुठल्याही क्षणी सोडू शकेल, इतकं ते सैल हवं. आणि थांबा. मनात 10 आकडे मोजा. मोठी माणसं साधारण तीन आकड्यांना धीर सोडतात आणि मदतीला धावतात. बाळाचा हात निघायच्या बेतात असतो तोच वस्तू त्याच्या मुठीत कोंबली जाते.

डेन्मार्कमध्ये अंध मुलांना शिकवणाऱ्या लिली नील्सन यांनी अशा मुलांसाठी सुचवलेली दोन साधनं घरी करता येतात. पहिलं म्हणजे कंप पावणारी फळी. 4 मिलिमीटर जाडीचं प्लायवुड घ्या, साधारण 120 बाय 120 सेंटीमीटर. खालून चारही कडांना 2 सेंटीमीटर उंचीची लाकडी पट्टी चिकटवा, म्हणजे मधला भाग जमिनीपासून अधांतरी राहतो. कडा आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने गुळगुळीत घासा. कुसळ राहता कामा नये. मधोमध आधार देऊ नका, आधार दिला की कंप मेला. बारा-पंधरा मिलिमीटरचं जाड प्लाय वापरलं तर ती नुसती पाटी होते. हा घोटाळा सुतार हमखास करतात, ‘मजबूत देतो’ म्हणून. या फळीवर बाळाला ठेवलं की बोटाची चाळवाचाळव, टाचेचा टोला, पडलेला चमचा, सगळं त्याला अंगात जाणवतं आणि ऐकू येतं. ‘मी हललो आणि काहीतरी झालं’, हा धडा त्याच्या बाबतीत नजरेचं काम करतो.

दुसरं म्हणजे छोटी खोली. मोठा मजबूत खोका घ्या, एक बाजू उघडी, बाळाचं डोकं आणि धड आत येईल इतका. वरून आणि बाजूंनी जाड इलॅस्टिकने वस्तू टांगा: चमचा, ब्रश, किल्ल्यांचा जुडगा, लाकडी कडं, केसाळ कापड, पोकळ डबी. वस्तू इतक्या जवळ हव्यात की हात नुसता उघडला तरी काहीतरी लागेल. इलॅस्टिकचं मर्म असं की वस्तू ओढून सोडली की परत त्याच जागी येते. हातातून सुटलेली वस्तू न दिसणाऱ्या मुलाच्या जगातून नाहीशी होते. इथे ती नाहीशी होत नाही. ‘चमचा डावीकडे वर’ हे त्याच्या लक्षात राहतं आणि तो ठरवून तिथे हात नेतो. म्हणून रोज नवी सजावट करायची नाही. आठवड्याभराने एखाद-दुसरी वस्तू बदला. दोरी 15 सेंटीमीटरपेक्षा लांब नको, 4 सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू नको, गाठी रोज ओढून बघा, आणि तो आत असताना त्याला एकटा सोडून जाऊ नका. जवळ बसा, पण बोलू नका. तो चमच्याशी गुंतलेला असताना ‘अरे वा, शाब्बास’ म्हटलं की तो ऐकायला थांबतो आणि हात थांबतात. कौतुक नंतर करा.

आता खुळखुळा. एकच निवडा, मऊ पण सलग आवाज करणारा, आणि तीन आठवडे तोच वापरा. टीव्ही, रेडिओ, गप्पा बंद. आधी तो त्याच्या दोन्ही हातांत भरपूर खेळून होऊ द्या: वजन, आकार, चव, आवाज सगळं एकत्र ओळखीचं झालं पाहिजे. मग तो हातात असतानाच हळूच सोडवून घ्या आणि त्याच्या मांडीवर, मनगटाला टेकून ठेवा. शोधतो का बघा. बोटांची नुसती चाळवाचाळव झाली, तरी ते शोधणंच आहे. चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघा, उत्तर तिथे मिळेल. हे जमलं की खुळखुळा हाताच्या मागच्या बाजूला टेकवा, वाजवा, आणि वाजवत वाजवतच 5 सेंटीमीटर दूर न्या. आवाज मध्ये थांबू देऊ नका. थांबला की वस्तू ‘संपली’. मग 10, मग 15 सेंटीमीटर. दिशा आधी बाजूची, कानाच्या पातळीवर. बाळाला बाजूचा आवाज सगळ्यात आधी ओळखता येतो, खालचा त्यानंतर, वरचा सर्वांत शेवटी, आणि अगदी नाकासमोरचा अवघडच जातो, कारण तो दोन्ही कानांत सारखाच येतो. तुम्ही समोरून वाजवत होतात, म्हणजे सगळ्यात कठीण प्रश्न आधी विचारत होतात. अजून पुढची परीक्षा म्हणजे आवाज बंद करून वस्तू तिथेच ठेवायची; तो शेवटच्या आवाजाच्या जागी हात नेईल, त्या दिवशी समजा की पाय सुटायला वेळ लागणार नाही.

बसून खेळताना वस्तू घरंगळून हरवू नयेत म्हणून 3-4 सेंटीमीटर काठाचं ताट किंवा ट्रे समोर ठेवा. हरवलेली वस्तू प्रत्येक वेळी कुणीतरी आणून हातात दिली तर वस्तू ‘माणसांकडून येतात’ असं त्याच्या मनात बसतं, आणि मग तो हात पुढे करण्याऐवजी नुसता वाट बघत बसतो.

बसण्याबद्दल एक बदल लगेच करा: त्याला थेट बसवू नका. पाठीवरून कुशीवर, कुशीवरून कोपरावर, कोपरावरून तळहातावर, मग बसता. खाली ठेवतानाही तोच रस्ता उलटा. कंबरेला किंवा खांद्याला हलकी दिशा द्या, काम त्याला करू द्या. बसलेला असताना खेळणं समोर न ठेवता नितंबाच्या बाजूला, थोडं मागे ठेवा, म्हणजे एका हातावर भार देऊन धड वळवावं लागेल. या वळण्यातूनच पुढे बसलेल्या स्थितीतून रांगायच्या स्थितीत जाता येतं. जी मुलं धड वळवायला शिकत नाहीत ती मोठेपणी पाय फाकवून, चवडे बाहेर काढून, ताठ अंगाने डुलत चालताना दिसतात.

पडताना हात पुढे टाकण्याची प्रतिक्रियाही शिकवावी लागते. डोळस बाळाला जमीन जवळ येताना दिसते, याला दिसत नाही. जाड लोडावर किंवा मोठ्या चेंडूवर पालथा घ्या, मांड्या घट्ट धरा, ‘खाली’ म्हणा आणि सावकाश पुढे झुकवा, तळहात जमिनीला टेकेपर्यंत. शब्द दर वेळी तोच. अचानक झुकवलं तर तो घाबरून आक्रसतो आणि हात आणखी मागे जातात. तोच नियम उचलण्याला: खांद्यांना स्पर्श, ‘उचलते’ हा शब्द, दोन-तीन सेकंद थांबणं, मग उचलणं. न सांगता हवेत जाणारं बाळ शरीर आवळून ठेवायला शिकतं. ठेवताना पाय आधी जमिनीला लागू द्या आणि शक्यतो ओळखीच्या कोपऱ्याशी ठेवा.

रांगायला सुरुवात करताना तुमच्या मांडीच्या आडवं, किंवा 15 सेंटीमीटर जाड लोडावर, गुडघे आणि तळहात टेकवून ओणवा करा आणि पुढे-मागे झुलवा. गुडघे गुळगुळीत फरशीवर घसरत असतील तर पातळ चटई घाला. मग तुम्ही स्वतःच 30 सेंटीमीटरवर बसा आणि बोलावत राहा; सुरुवातीला कुठल्याही खेळण्यापेक्षा आईचं अंग जास्त ओढून घेतं. तो रांगण्याऐवजी बूड घासत किंवा पाठीवर पाय मारत सरकू लागला तर रागावू नका. त्यात त्याची अक्कल आहे: रांगताना डोकं सगळ्यात पुढे असतं, आणि टेबलाचा पाय आधी डोक्यालाच कळतो. काही मुलं रांगत नाहीतच, सरळ चालायला लागतात. तेव्हा हातांवर भार मात्र दुसरीकडून द्या: उशांच्या ढिगावर चढणं, जिन्याच्या दोन पायऱ्या ओणव्याने वर, आणि उतरताना पाय आधी.

घराची मांडणी हलवू नका. दारं एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर बसते. उजेड कळतो म्हणालात, तो वाया घालवू नका. खेळायची जागा अशी ठरवा की खिडकी कायम त्याच्या एकाच बाजूला येईल. पुढे घरातल्या दिशा तो त्यावरून लावेल. आणि फिरताना पाय उघडेच असू द्या. गालिचा संपून फरशी लागली हे त्याला तळव्यांनीच कळणार आहे.

सासूबाईंना सांगा, आत बसवायचा चाकांचा वॉकर नको. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे, ती अपघातांमुळे. तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक तोटा: त्यात हातांवर काडीचाही भार येत नाही, तोल सावरावा लागत नाही, चवड्यांनी ढकलण्याची सवय लागते, आणि समोर काय आहे ते न कळता तो जोरात जाऊन आदळतो. दोन-तीनदा आदळला की पुढे जाण्याचीच धास्ती बसते. उभं राहून ढकलायचा पांगुळगाडा मात्र वेगळा. तो फर्निचर धरून धरून चालू लागला की चालेल. तळाशी 4-5 किलो वजन घाला, नाहीतर गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर पडतं. हा गाडा त्याच्या आधी भिंतीला लागतो, म्हणजे पुढे येणाऱ्या पांढऱ्या काठीची ती पूर्वतयारीच. दोन्ही हात डोक्यावर धरून चालवणंही टाळा. वजन चवड्यांवर येतं आणि तोल तुमच्या हातांत राहतो. मागून कंबर धरा, किंवा त्यालाच तुमचं बोट धरू द्या, म्हणजे सोडायचं केव्हा ते तो ठरवेल.

राहता राहिलं डोळे दाबणं. पडद्याच्या आजाराच्या मुलांमध्ये ही सवय बरीच दिसते. दाबल्याने प्रकाशाच्या ठिणग्यांसारखं काहीतरी जाणवतं, असं मानलं जातं. हात रिकामे आणि वेळ मोकळा असला की ती वाढते. ओरडून किंवा हातावर मारून जात नाही. हातात दोन्ही हातांचं काम द्या, किंवा उचलून झोका द्या. बऱ्याच वर्षांच्या दाबण्याने डोळे खोल जातात, त्यामुळे दुर्लक्षही नको. पण तुम्ही ‘हल्ली’ लिहिलं आहे, म्हणून एक गोष्ट याच आठवड्यात करा: नेत्रतज्ज्ञांना दाखवा. या आजारात डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि बोलता न येणारं बाळ दुखणारा डोळा मुठीनेच दाबतं. डोळा लाल दिसला, पाणी येऊ लागलं, बुबुळ धुरकट झालं, किंवा तो उजेडाने किरकिरू लागला, तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा.